थंडीचे दिवस आणि आपली वाडी



नाताळचे गोठे उतरले, ताऱ्यांचे कंदील पोटमाळ्यावर गेले आणि वेदीवर पुन्हा सामान्य काळाचा हिरवा रंग आला. सणाची गडबड संपली की मग खरी थंडी जाणवते. पहाटेच्या मिस्साला येणाऱ्या आजी शाल डोक्यावरून घेऊन येतात. मिस्सानंतर आवारात दोन माणसे थांबली की पहिला विषय हवेचाच निघतो. 'यंदा मोहोर कसा आहे?' 'काल दव फार पडले.' 'ढग आले, आता तुडतुडे होणार.'

असे बोलणे म्हणजे वेळ घालवणे, असे कोणी समजू नये. आपल्या प्रभूलाही हे बोलणे परिचयाचे होते. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात तो लोकांना सांगतो, की संध्याकाळी आभाळ तांबडे दिसले तर उद्या हवा चांगली, सकाळीच तांबूस आणि झाकोळलेले असेल तर वादळ, हे तुम्ही बरोबर ओळखता. मग काळाची लक्षणे का ओळखत नाही? लक्षात घ्या, आभाळ बघण्याबद्दल येशू त्यांना दोष देत नाही. ते चांगले बघता येते हे तो मान्य करतो आणि म्हणतो, त्याच डोळ्यांनी आणखी थोडे पुढे बघा. आज आपण तेच करू या. आपल्या परसात सध्या काय चालले आहे ते आधी नीट पाहू आणि मग त्यातून प्रभू आपल्याला काय सांगतो ते ऐकू.

प्रभूच्या देशात हिवाळा हा पावसाचा काळ. योहान आपल्या दहाव्या अध्यायात मुद्दाम नमूद करतो, की मंदिराच्या अर्पणाचा सण होता, हिवाळा होता आणि येशू शलमोनाच्या देवडीत फिरत होता. आपल्या वसईत मात्र हिवाळा कोरडा. पावसाळ्यातला नैऋत्येचा वारा थांबतो, उत्तरेकडचे गार वारे पोहोचतात, आभाळ स्वच्छ होते. जवळ समुद्र असल्यामुळे देशावरच्यासारखी कडाक्याची थंडी आपल्याकडे पडत नाही. तरी जुनी माणसे १९६२ सालच्या थंडीची आठवण काढतात. त्या वर्षी २२ जानेवारीला मुंबईत सांताक्रूझ येथे पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. एवढी थंडी आता येत नाही, पण थोडी आली तरी वाडीला ती लगेच कळते. मोगरा हात आखडता घेतो आणि बाजारात त्याचा भाव चढतो. केळीची वाढ मंदावते. भात कापलेल्या शेतात मुरलेल्या ओलाव्यावर वाल उभा राहतो. आंबा मोहरतो. तारांवर माळभिंगऱ्या ओळीने बसतात आणि बावखलाच्या काठाने धोबी पक्षी शेपटी हलवीत फिरू लागतो.

यातल्या तीन गोष्टी आज घेऊ: दव, मोहोर आणि धूर.

पहिली गोष्ट दवाची. आपण 'दव पडले' म्हणतो, पण दव आभाळातून पडत नाही. विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या लंडनमधील एका डॉक्टरने रात्री-रात्री बाहेर राहून प्रयोग केले आणि १८१४ साली आपले निष्कर्ष छापले. रात्र निरभ्र आणि वारा मंद असला की जमीन आणि गवत आपली ऊब वर आकाशात सोडून देतात. पान हवेपेक्षाही गार होते आणि हवेत आधीच असलेले पाणी त्याच्यावर थेंब होऊन बसते. ढगाळ रात्री दव जवळजवळ नसते. पत्र्याच्या छपराखाली, दाट झाडाखाली ते फारसे दिसत नाही. जे पान आकाशाकडे उघडे आहे, त्यालाच ते भरपूर मिळते.

पवित्र शास्त्रात दव ठिकठिकाणी येते. निर्गम ग्रंथात दव उडून गेल्यावर मान्ना दिसतो. गिदोन लोकरीवरच्या दवाने देवाची इच्छा पारखून बघतो. दानिएलच्या ग्रंथात भट्टीत टाकलेले तीन तरुण जे स्तवन करतात, त्यात ते दवाला, थंडीला आणि हिमालाही देवाची स्तुती करायला बोलावतात. आगीत उभे राहून थंडीला हाक मारणारे हे तरुण मला फार जवळचे वाटतात.

पुष्कळ लोक कन्फेशनला किंवा घरभेटीच्या वेळी सांगतात, 'फादर, प्रार्थना करतो, पण काही वाटत नाही. सारे कोरडे आहे.' त्यांना मी दवाकडे बघायला सांगतो. पाणी हवेत असते, डोळ्यांना दिसत नाही एवढेच. परमेश्वराची कृपाही आपल्याभोवती आधीपासून असते. आपले काम एवढेच, की आकाश आणि आपण यांच्यामध्ये छप्पर घालून बसायचे नाही. टीव्हीचा आवाज, मोबाईल, मनातला जुना राग, भावाशी बांधावरून चाललेले भांडण, ही आपली छपरे. रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे ती बाजूला सारून शांत बसा. काही वाटले नाही तरी बसा. दव पडताना आवाज होत नाही, ते सकाळी कळते.

दुसरी गोष्ट मोहोराची. आंब्याच्या जून झालेल्या फांद्यांना मोहोर यायचा तर थंडी लागते. रात्रीचा पारा साधारणपणे वीस अंशांच्या खाली काही आठवडे राहिला की मोहोर फुटतो. थंडी आलीच नाही तर त्याच फांद्यांवर नवी पालवी येते, झाड हिरवेगार दिसते, पण फळ धरत नाही. सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्विनो यांचे एक तत्त्व शिकवले होते, की देवाची कृपा निसर्गाला नाहीसे करीत नाही, ती त्याला पूर्णत्वाला नेते. आंब्याचे झाड पाहताना ते तत्त्व सोपे होते. झाडाला जे कठीण वाटावे, त्याच काळातून फळाची सुरुवात होते.

पण इथे एक सावधगिरी हवी. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, जिथे तरुण मुलाची नोकरी गेली आहे, जिथे आजारपणाने वाडी गहाण पडली आहे, तिथे जाऊन 'थंडीनंतर मोहोर येतोच' असे सांगू नका. मोहोर नेहमी येतोच असे नाही. आला तरी सगळा टिकत नाही. एका तुऱ्यावर शेकडो, कधी हजारो फुले असतात आणि त्यांतून शेवटी एखाद-दुसरा आंबा हाती लागतो. अवेळी पाऊस आला किंवा ढगाळ हवा राहिली, तर भुरी आणि करपा तेवढेही ठेवत नाहीत. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाचा पाऊस आला आणि २०२१ च्या डिसेंबरच्या सुरुवातीलाही अवेळी पाऊस झाला. वाडीवाल्याला आणि वलांडीवर बोंबील सुकत घातलेल्या आपल्या कोळी बांधवांना असा पाऊस म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

मग दुःखी माणसाला सांगायचे काय? कदाचित काहीच नाही. त्याच्या ओटीवर जाऊन बसायचे. येशूनेही लाजरसच्या बहिणींसमोर आधी अश्रू ढाळले आणि मग हाक मारली. ख्रिस्ती आशा म्हणजे हवामानाचा अंदाज नव्हे. मोहोर गळाला तरी झाड आपले आहे आणि झाडाचा मालक त्याला सोडून गेलेला नाही, हा विश्वास म्हणजे आशा.

मोहोराबद्दल आणखी एक. त्याचे परागीभवन मुख्यतः माशा आणि लहान किडे करतात. जिच्याकडे आपण कधी आदराने पाहिले नाही, त्या माशीमुळे आपल्याला आंबा मिळतो. म्हणून जाणकार सांगतात, की मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशकाची फवारणी टाळावी. देवाच्या वाडीत बिनकामाचे कोणी नसते, हे ध्यानात ठेवू या.

तिसरी गोष्ट धुराची आणि हीच मला आज कळकळीने सांगायची आहे. या दिवसांत सकाळी सहा-सातच्या सुमारास रस्त्याने चालून पाहा. धुराचा एक पांढरा पट्टा माडांच्या मध्यावर अडकलेला दिसतो, वर जात नाही. कारण साधे आहे. रात्री जमीन गार होते, तिच्या जवळची हवा गार आणि जड होते आणि वर तिच्यापेक्षा उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. त्याखाली अडकलेला धूर उन्हे तापेपर्यंत तिथेच राहतो. पावसाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या वाऱ्यात जो धूर उडून जातो, तोच थंडीत आपल्या आणि शेजाऱ्याच्या छातीत जातो.

आणि आपण नेमक्या याच दिवसांत, याच वेळी पालापाचोळा पेटवतो. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, दुधाची पाकिटे, जुन्या चपलाही असतात. दम्याचे आजारी, लहान बाळे, म्हातारी माणसे यांना त्याचा त्रास होतो. 'माझी वाडी, माझा कचरा' असे आपण म्हणतो. संत थॉमस म्हणतात, की वस्तू सांभाळण्याचा हक्क माणसाला आहे, पण तिचा वापर करताना त्याने ती सर्वांची आहे असे मानावे आणि गरजवंताला द्यावी. जमीन आपल्या सातबाऱ्यावर असेल, हवा कोणाच्याच सातबाऱ्यावर नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात हवामान हे सर्वांच्या मालकीचे आणि सर्वांसाठी असलेले सामायिक धन आहे, असे शिकवले. ज्या संतांचे नाव त्यांनी घेतले, त्या असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२५ साली आजारी आणि जवळजवळ अंध असताना सृष्टीचे स्तोत्र रचले आणि त्यात वाऱ्याला भाऊ म्हणून देवाचे आभार मानले. ज्याला भाऊ म्हणायचे, त्याच्या तोंडात धूर कोंबायचा का?

काहीजण म्हणतील, 'फादर, पाला जाळला नाही तर साप-विंचू होतात, डास होतात, गाडी वेळेवर येत नाही.' अडचण खरी आहे. पण त्यावर उपाय आपल्या आजोबांना ठाऊक होता. घरापासून थोडे दूर एक खड्डा करा. पाला, शेणमाती, पुन्हा पाला असे थर द्या, वरून माती टाका. पावसाळ्यानंतर केळीला आणि चाफ्याला सोन्यासारखे खत मिळेल. प्लास्टिक वेगळे ठेवून गाडीतच द्या. तसेच बावखलांचे. उरलेल्या बावखलांत कचरा टाकू नका, ती बुजवू नका. पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरवून आपल्या विहिरींना तीच जपतात.

शेवटी पाहुण्यांबद्दल. तारेवर बसणारी माळभिंगरी आणि काठावरचा धोबी पक्षी उत्तरेच्या थंड मुलखातून, त्यांतले कित्येक हिमालयापलीकडून, येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत जातात. त्यांचे आपण कौतुक करतो. पण याच दिवसांत आणखी काही पाहुणे येतात. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला येतात आणि ताडपत्रीखाली थंडी काढतात. त्यांच्याकडे आपले लक्ष जाते का? संत मार्टिन यांनी ऐन हिवाळ्यात आमिएन शहराच्या वेशीवर आपला झगा तलवारीने कापून अर्धा भिकाऱ्याला दिला आणि त्या रात्री स्वप्नात तो अर्धा झगा ख्रिस्ताच्या अंगावर पाहिला, असे परंपरा सांगते. घोंगडी जरूर द्या. पण तेवढ्यावर थांबू नका. तुमच्याकडे कामाला असतील तर ठरलेली मजुरी ठरलेल्या दिवशी द्या आणि त्यांची मुले जवळच्या शाळेत बसतील हे पाहा. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू शेवटच्या दिवशी आपल्याला हेच विचारणार आहे.

या आठवड्यात प्रत्येक घराने एवढे करावे: पाला पेटवू नये, त्यासाठी खड्डा खणावा, थंडीने घराबाहेर न पडणाऱ्या एका तरी म्हाताऱ्या शेजाऱ्याकडे जाऊन यावे, आणि घरातल्या सर्वांनी एक संध्याकाळ टीव्ही बंद ठेवून अंगणात रोजरी म्हणावी. मुलांना तारे दाखवा, दव कसे पडते ते सांगा.

हे प्रभो, तू आम्हांला ऋतू दिलेस, ते ओळखण्याची बुद्धी दिलीस. आमच्या वाडीवर, विहिरींवर, होड्यांवर आणि मोहोरावर तुझा हात असू दे. आमची मने तुझ्याकडे उघडी ठेव आणि आमच्यामुळे कोणाचा श्वास कोंडू देऊ नकोस. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू