किती घर सोबत न्यावं?

साक्री तालुक्यातले ठेलारी पावसाळा सरला की मेंढ्या घेऊन चराईला निघतात. बाज, भांडीकुंडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, सारं घोड्याच्या पाठीवर. घोडा वाहील तेवढंच घर, म्हणून ते नाल्यातूनही पार होतं. पंधरा-वीस टनांच्या मोटारघराचं उलट आहे. कुठेही राहता यावं म्हणून टाक्या, बॅटऱ्या, स्वयंपाकघर चढवत जावं, तर खानदेशातल्या ओल्या काळ्या मातीत चाकं रुततात आणि गाडवाट बंद होते. अपरिग्रह मला इथे व्रताइतकाच व्यवहार वाटतो. कोणी म्हणेल, ठेलाऱ्यांचं थोडकं सामान हा नाइलाज आहे, त्यात मुलांची शाळा सुटते. खरं आहे, आणि ती शाळा त्यांना मिळालीच पाहिजे. पण गाडीवाल्याला निवड आहे. त्याने पाणी, औषधं, अंथरूण घ्यावं आणि बाकीचं वाटेतल्या गावांवर सोडावं.