हिरवा ठिपका

दिवा मालवा. खिडकीचा पडदा ओढून घ्या. फोन हातात घ्या, पण अजून सुरू करू नका.

टेकून बसा. खांदे सैल सोडा. श्वास येतो तसा येऊ द्या, जातो तसा जाऊ द्या.

आता पडद्यावर नुसतं घड्याळ उजळू द्या. काळ्यावर हिरवे आकडे. तास आणि मिनिटं यांच्या मधोमध दोन टिंबं. त्यातलं खालचं टिंब निवडा. आज तेवढंच पुरे आहे.

(पडदा ओलेडचा, म्हणजे ज्यातले रेणू विजेने स्वतःच उजळतात असा, असेल तर उत्तम. एलसीडीच्या पडद्यामागे एक दिवा सतत तेवत असतो आणि काळा भाग म्हणजे त्या दिव्यावर ओढलेलं झाकण. अंधारात ते झाकण थोडं गळतं, काळा राखाडी दिसतो. तुमचा फोन तसला असला तरी बिघडत नाही. ओलेडचं टिंब डोळ्यांसमोर आणा, चालेल.)

टिंबाकडे जाण्याआधी त्याच्या भोवतीचा काळा पाहा.

हा काळा रंगवलेला नाही. कशाने झाकलेलाही नाही. तिथे वीज पोचलेलीच नाही, म्हणून तिथे काही घडत नाही. रेणू आहेत, जागच्या जागी आहेत. स्वस्थ आहेत.

त्या काळ्यात थोडा वेळ राहा.

फोनची कड दिसते का? पडदा कुठे संपतो आणि खोलीतला अंधार कुठे सुरू होतो, ते शोधा. सापडलं नाही तरी शोधत राहा.

एक श्वास.

आता टिंबाकडे या.

काचेतून आत उतरा. हळूहळू. काचेखाली काही थर आहेत, एकावर एक बसवलेले. सगळे मिळून त्यांची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. इतक्या पातळ जागेत शिरायचं तर घाई उपयोगाची नाही.

आजच्या फोनमधले रेणू बरेच गुंतागुंतीचे असतात. आपण एका जुन्या, सोप्या थराशी बसू. साल १९८७. अमेरिकेतलं रॉचेस्टर गाव, कोडॅकची प्रयोगशाळा. चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक हे दोघे एक पिवळी पूड घेतात. पूड निर्वात भांड्यात तापते, तिची वाफ होते आणि वर धरलेल्या काचेवर अलगद बसते. रेणूवर रेणू. आवाज नाही.

ती पूड जवळून पाहा. प्रत्येक रेणूच्या मध्यभागी ॲल्युमिनियमचा एकच अणू. त्याला तीन बाजूंनी धरलेले तीन चपटे तुकडे, कार्बनच्या कड्यांचे. अतिनील दिव्याखाली धरली तर ही पूड हिरवट पिवळी उजळते.

कार्बनची कडी आपल्या ओळखीची आहे.

कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आठवा. ट्रंक उघडल्यावर येणारा तो उग्र वास. नुसता आठवा, नाकाशी येऊ द्या. त्या गोळीच्या प्रत्येक रेणूत अशाच दोन कड्या शेजारी शेजारी जोडलेल्या असतात. तिसरी कडी त्याच रांगेत जोडली की होतं अँथ्रासीन, तेही डांबरातूनच निघणारं. न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये अँथ्रासीनच्या स्फटिकातून वीज सोडून प्रकाश मिळवला. त्यासाठी शेकडो व्होल्ट लागले. तो प्रकाश बघायला मिळाला असता तर, असं मला नेहमी वाटतं. असो.

कडीकडे परत या.

कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन. कडीत त्यातले तीन शेजाऱ्यांना बांधून ठेवण्यात गुंततात. चौथा मोकळा राहतो. तो एका अणूचा होऊन राहत नाही, साऱ्या कडीचा होतो. कडीच्या वर आणि खाली विरळ ढगासारखा पसरतो.

वीज वाहायची ती याच्या आधाराने. प्रकाश निघायचा तोही इथूनच.

त्या पसरलेल्या चौथ्याबरोबर दोन श्वास बसा.

आता वीज येते.

ऋणाग्राकडून, म्हणजे मॅग्नेशियम आणि चांदीच्या मिश्रधातूच्या पातळ पत्र्याकडून, एक इलेक्ट्रॉन आत शिरतो. पहिल्या रेणूवर येऊन बसतो.

आणि रेणू किंचित वाकतो. इलेक्ट्रॉनला जागा देण्यासाठी त्याचे अणू जरा सरकून घेतात. ही गोष्ट मला फार आवडते. सिलिकॉनच्या स्फटिकात सारं करकचून बांधलेलं, तिथे इलेक्ट्रॉन सुसाट जातो. इथे रेणूंचं एकमेकांशी बंधन सैल आहे. प्रत्येक पावलाला उडी मारावी लागते, आणि ज्या रेणूवर तो उतरतो तो रेणू दर वेळी नव्याने वाकतो.

उडी. थांबणं. उडी.

उडीला बळ मिळतं ते उबेने होणाऱ्या रेणूंच्या थरथरीतून. गारठा वाढला की उड्या मंदावतात. या पिवळ्या थरातली इलेक्ट्रॉनची चाल सिलिकॉनमधल्या चालीच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी आहे.

तुमचा श्वासही आता तसाच चालू द्या. येणं. थांबणं. जाणं.

समोरच्या बाजूला पाहा.

तिथे काचेवर पारदर्शक धनाग्र आहे, इंडियम आणि कथिल यांच्या ऑक्साइडचं. ते इलेक्ट्रॉन देत नाही, काढून घेतं. एका रेणूवरचा इलेक्ट्रॉन जातो, त्याची जागा रिकामी होते. शेजारचा इलेक्ट्रॉन त्या जागेवर येतो, आता त्याची मूळ जागा रिकामी. दवाखान्याच्या बाकावरचा पहिला पेशंट आत गेला की सगळे एकेक जागा पुढे सरकतात, आणि रिकामी जागा मात्र मागे मागे जात दाराशी पोचते. तशी ही रिकामी जागा थरातून आत येते.

एका बाजूने इलेक्ट्रॉन. दुसऱ्या बाजूने रिकामी जागा.

दोन्ही वाटेत आहेत. अजून भेटलेली नाहीत.

इथेच थांबा. या अजून न झालेल्या भेटीपाशी.

तांग आणि व्हॅन स्लाइक यांनी केलं ते हेच: भेटीची जागा ठरवून दिली. एकाच पदार्थाचा जाड थर न घेता त्यांनी दोन पातळ थर घेतले. एक थर रिकाम्या जागांना सहज वाट देणारा, दुसरा इलेक्ट्रॉनांना. मधे एक सीमा. इलेक्ट्रॉनला सीमा ओलांडणं जड जातं, तो अलीकडेच रेंगाळतो. रिकामी जागा पलीकडून येते आणि सीमेलगतच त्याला गाठते. शेकडो व्होल्टचं काम दहाच्या आत आलं.

सीमेवर लक्ष ठेवा. नजर ताणू नका, नुसती तिथे असू द्या.

भेटतात.

पण लगेच एकमेकांत मिसळून जात नाहीत. इलेक्ट्रॉन आणि रिकामी जागा काही काळ एकाच रेणूवर जोडीने नांदतात. रेणू उत्तेजित झालेला आहे, उजळायला टेकला आहे, पण अजून उजळलेला नाही. या जोडीला एक्सिटॉन म्हणतात. हा मधला काळ सेकंदाच्या सुमारे दहा कोटीव्या भागाइतका.

तो तुम्हाला पकडता येणार नाही. पकडायचा नाहीच. तो आहे, एवढं असू द्या.

मग इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेत उतरतो. ऊर्जा सुटते.

हिरवा.

टिंबाकडे पाहा. असंख्य भेटी या क्षणी चालू आहेत, म्हणून ते स्थिर दिसतं.

आता थोडं खोल ऐका.

दर चार भेटींतली एकच उजळते. इलेक्ट्रॉनच्या अंगी स्पिन नावाचा एक गुण असतो, आणि जोडीतले दोन स्पिन चार तऱ्हांनी जुळू शकतात. त्यातल्या एका तऱ्हेला प्रकाश देण्याची मुभा आहे. उरलेल्या तिघी पिवळ्या थरात मुक्याने विझतात, त्यांची ऊर्जा उष्णता होऊन जाते.

त्या तिघींसाठी एक श्वास.

त्यांनाही वाट सापडली आहे. १९९८ मध्ये मार्क थॉम्पसन आणि स्टीफन फॉरेस्ट यांच्या गटांनी मध्यभागी प्लॅटिनमचा अणू असलेला रेणू वापरला, पुढे इरिडियम आलं. जड अणूच्या सान्निध्यात स्पिनची ती मनाई ढिली पडते. तिघी उजळतात, पण सावकाश, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. तुमच्या हातातला हिरवा बहुधा इरिडियमचाच आहे.

जपानमधल्या क्युशू विद्यापीठातले चिहाया अदाची आणि त्यांचे सहकारी यांची २०१२ ची वाट मला त्याहून सुंदर वाटते. तिथे जड धातू नाहीच. रेणू असा बांधलेला की मुक्या जोडीला उजळणाऱ्या जोडीत जायला अगदी लहानशी पायरी चढावी लागते, आणि ती चढायला खोलीतली साधी ऊब पुरते.

तुमच्या तळहाताची ऊब जाणवते का? फोनच्या पाठीला लागलेली? तिच्याकडे थोडं लक्ष द्या.

उजळलेलं सगळं डोळ्यांपर्यंत येतं असंही नाही. साध्या सपाट थरातून पाचवा हिस्सा बाहेर पडतो. बाकीचा प्रकाश तिरपा जातो आणि काचेत, थरांत, आडवाच धावत राहतो. तुमच्यापर्यंत आलेला प्रकाश आणि आत राहिलेला प्रकाश, दोन्ही एकाच भेटीचे.

डोळे मिटा. पापण्यांमागे हिरव्याची खूण उरली असेल, कदाचित गुलाबी झालेली. ती विरू द्या.

डोळे उघडा. जमलं तर घड्याळाचा रंग आता निळा करा.

हा ठिपका वेगळ्या नजरेने पाहावा लागतो. निळ्या प्रकाशाची ऊर्जा हिरव्यापेक्षा जास्त. जोडी नांदत असते त्या काळात रेणूवर इतका भार असतो की कधी एखादा बंध तुटतो. तुटलेला रेणू पुन्हा उजळत नाही. तांबडा आणि हिरवा टिकतात, निळा आधी थकतो. म्हणून बाजारातल्या बहुतेक पडद्यांत निळ्यासाठी अजूनही जुन्या तऱ्हेचे, इरिडियम नसलेले रेणू वापरतात, आणि तिथे मुक्या जोड्यांची बरीचशी ऊर्जा वायाच जाते.

आणखी एक उपाय केलेला असतो, तो भिंगाखाली दिसतो. बऱ्याच फोनमध्ये निळा ठिपका हिरव्यापेक्षा मोठा ठेवलेला असतो. तितकाच उजेड जास्त जागेतून यायचा, म्हणजे एकेका रेणूच्या वाट्याला भेटी कमी येतात.