दापोलीचं घर आणि परकी माणसं

घरात भाडेकरू ठेवायचा नाही, ही शिकवण आमच्या पिढीला वडीलधाऱ्यांकडून मिळाली. त्याला कारणही होतं. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी 1940 सालच्या आकड्यांशी बांधून टाकली. गिरगाव-दादरच्या चाळींत माणसं पिढ्यानपिढ्या त्याच भाड्यात राहिली, मालकांनी डागडुजी सोडून दिली आणि शेवटी दोघांच्याही वाट्याला गळकं छप्पर आलं. पुढे 1999 चा कायदा आला, लिव्ह अँड लायसन्सचे अकरा महिन्यांचे करार रुळले, पण एकदा आत आलेला माणूस बाहेर निघत नाही ही धास्ती काही गेली नाही. पुण्यामुंबईच्या निवृत्त लोकांनी कोकणात हौसेने बांधलेली कितीतरी घरं वर्षातला बराच काळ कुलूपबंद असतात, त्यात या धास्तीचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

आमचं घर दापोलीपासून थोडं खाली, समुद्राच्या बाजूला आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी आणि मागे नारळी-पोफळीची लहानशी वाडी. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी आणि ह्यांनी ठरवलं, की दिवाळी आटोपली की इथे यायचं आणि शिमग्याची पालखी दारात येऊन गेली की पुण्याला परतायचं. उन्हाळ्याचा दमटपणा ह्यांच्या दम्याला सोसत नाही आणि पावसाळ्यात एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांनी तिथे राहावं हे मुलांना पटत नाही. म्हणजे वर्षातले जेमतेम चार-पाच महिने घर आमचं.

उरलेल्या महिन्यांत बंद घराचं काय होतं, हे कोकणात घर असल्याशिवाय कळत नाही. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दारं फुगून चौकटीत बसतात, गाद्यांना बुरशी येते, कुलपं गंजून किल्ली फिरेनाशी होते, वाळवी कपाटाच्या पाठीमागून चढते. खाऱ्या हवेने पंप जाम होतो. याला औषध एकच. घरात रोज कुणीतरी खिडक्या उघडल्या पाहिजेत, पंखे फिरले पाहिजेत, स्वयंपाकघरात काहीतरी शिजलं पाहिजे.

म्हणून दोन-चार दिवसांसाठी येणाऱ्या लोकांना घर द्यायचं ठरलं. शुक्रवारी रात्री आलेली माणसं रविवारी जेवून निघतात, तेव्हा तो जुना भाडेकरूचा प्रश्नच उरत नाही. मुरूड, कर्दे, आंजर्ल्याला तर ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशा पाट्या गल्लोगल्ली दिसतात आणि सरकारची निवास व न्याहारी योजनाही अशाच घरांसाठी आहे. कागदपत्रांचं फार अवघड नाही. येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र बघून नोंद ठेवायची, परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे कळवायची, उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचं. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला याचं काही वाटत नाही.

अवघड होतं ते दुसरंच. ज्या दिवशी पहिल्यांदा पैसे घेतले त्या दिवसापासून घर पूर्वीसारखं केवळ आमचं राहिलं नाही. त्यावर येणाऱ्याचा हक्क आला आणि शेजाऱ्यांचाही आला. घरमालक पहिला हक्क मान्य करतात, कारण त्याचे पैसे मिळतात. दुसरा सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

आधी येणाऱ्याविषयी. फोन आला की ओळखीतले बरेच घरमालक सगळ्यात आधी आडनाव विचारतात. कुणी मोकळेपणाने सांगतं, कुणी ‘आमच्याकडे देवघर आहे, सोवळं असतं’ म्हणून आडून सुचवतं. आम्हालाही हा सल्ला मिळाला होता, अगदी आपुलकीने. देवघराची खोली तर आमच्याकडेही आहे. ती आम्ही बंद ठेवतो, तिची किल्ली शेजारच्या वहिनींकडे असते आणि संध्याकाळी त्या दिवा लावून जातात. एवढ्याने तो प्रश्न मिटतो. आडनाव मात्र विचारायचं नाही, असं आम्ही दोघांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. किती माणसं, किती लहान मुलं, कुणाला जिने चढायला त्रास आहे का, मासे खाणार का, एवढंच विचारायचं. ओळखपत्रावरचं नाव नोंदवहीत लिहायचं आणि वही मिटायची.

हे दापोलीत बसून लिहिताना एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. दापोली हे पेन्शनरांचं जुनं गाव. इंग्रजांच्या काळात इथे लष्कराचा कॅम्प होता आणि पलटणीतून निवृत्त झालेली माणसं इथे घर करून राहत. सुभेदार रामजी सकपाळही महूहून पेन्शनीत निघाल्यावर काही काळ दापोलीला राहिले, नंतर साताऱ्याला गेले. त्यांचा मुलगा अमेरिकेत शिकून 1917 साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाला, तेव्हा त्याला त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत उतरला, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्याला बाहेर काढलं. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. ज्या गावात त्यांच्या वडिलांनी निवृत्तीतले दिवस काढले, त्या गावात मी खोली देताना आडनाव विचारावं, हे माझ्या मनाला कधीच पटलं नसतं. आडनाव न विचारल्याने आमचं काही बिघडलंही नाही. पसारा करणारे, रात्री मोठ्याने गाणी लावणारे, चादरीवर हळदीचे डाग पाडून न सांगता जाणारे लोक सगळ्या आडनावांचे असतात. तसंच निघताना भांडी घासून पालथी घालून ठेवणारेही.

आता शेजाऱ्यांविषयी, आणि खरं सांगायचं तर हेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वहिनी, त्यांचे यजमान आणि मुलगा असे तिघे आमच्या कुंपणापलीकडे राहतात. वाडीचं शिंपणं ते बघतात. पाहुण्यांचं जेवण वहिनी करतात आणि त्याचे पैसे थेट त्यांनाच मिळतात, आमच्या हातून जात नाहीत. पाहुण्यांनी उकडीचे मोदक मागितले तर कधी करायचे, किती करायचे आणि दर काय, हे त्यांनीच सांगायचं. आदल्या रात्री तांदूळ धुऊन वाळत घालण्यापासून कळ्या पाडण्यापर्यंत त्यात किती मेहनत असते, हे पुण्यात बसून दर ठरवणाऱ्याला काय कळणार?

विहीर दोन्ही घरांत मिळून एक. इथली जमीन जांभ्याची. पावसाळ्यात पाणी काठोकाठ येतं आणि सच्छिद्र दगडातून झिरपत समुद्राकडे निघून जातं. एप्रिल उजाडला की रोज सकाळी वहिनी कठड्यावरून वाकून बघतात. आतल्या बांधकामात एक चिरा थोडा बाहेर आलेला आहे, तो त्यांची खूण. पाणी त्याच्या खाली गेलं की त्या कपडे धुवायला ओढ्यावरच्या डोहाकडे जाऊ लागतात. पाहुण्यांना हा चिरा दिसत नाही. नळ सोडला की पाणी येतं, कारण टाकी भरलेली असते आणि टाकी भरणारा पंप वहिनींच्या वाट्याचं पाणीही उपसत असतो. शॉवरखाली कुणी पंधरा मिनिटं उभं राहिलं तर त्याचा दोष नाही. त्याने दिलेल्या पैशांत पाणी धरलेलंच आहे असं तो समजतो.

एका मे महिन्यात वहिनी मला फोनवर म्हणाल्या, “ताई, बादली तळाला टेकतेय.” त्यात तक्रारीचा सूर नव्हता, पुढचं बुकिंग कळवावं तसं त्या सांगत होत्या. आम्ही टँकर मागवला. टँकरचं पाणीही कुठल्यातरी विहिरीतूनच येतं, आणि त्या विहिरीच्या काठावरही कुणीतरी वाकून बघत असणार. तेव्हापासून एप्रिलच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत आम्ही घर देत नाही. हाच आंब्याचा हंगाम, हीच शाळांची सुट्टी, सगळ्यात चढा दर याच दिवसांत मिळतो. पर्यटनावर ज्यांचं वर्षाचं पोट आहे त्यांनी असंच करावं, असं मी म्हणणार नाही. पण आमच्यासारख्यांना पेन्शन आहे. आम्हाला मे महिन्याची कमाई सोडणं परवडतं, तेव्हा ती सोडली पाहिजे.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. टाळेबंदी होती, आम्ही पुण्यात अडकलेलो, घर रिकामं. वहिनींच्या छपरावरचे पत्रे उडून गेले, वाडीतली पोफळ आडवी झाली. ते तिघे आमच्या घरात येऊन राहिले. वीज आठवडेच्या आठवडे नव्हती. किल्ली त्यांच्याकडेच होती, विचारायची गरज नव्हती आणि विचारायला फोनही लागत नव्हता. पुढे पाहुणे घ्यायचं ठरलं तेव्हा यातूनच एक गोष्ट पक्की झाली: त्यांच्या घरावर संकट आलं तर ठरलेलं बुकिंग रद्द होईल. पैसे देणाऱ्याला हे आम्ही आधीच सांगतो. आजवर कुणी त्यावरून नाही म्हटलेलं नाही.

मे महिना सोडल्यावर आम्ही पावसाळ्याकडे वळलो. विहीर भरलेली, गावात गर्दी नाही, आणि घराला माणसांची गरज तेव्हाच सर्वांत जास्त. फक्त शनिवार-रविवारचे लोक पावसात नकोत. भिजलेले कपडे दोन दिवसांत वाळत नाहीत, वीज गेली की चिडचिड होते. दोन-तीन आठवडे राहणारी माणसं हवीत. घरून काम करणारी, थिसिस लिहिणारी, नुकतीच निवृत्त झालेली जोडपी. त्यांना आधीच सगळं सांगावं लागतं. इन्व्हर्टर किती वेळ चालतो, रस्त्यावर दरड आली तर काय करायचं, पडवीला झड्या लावल्याने आत उजेड कमी का असतो. वहिनींना रोज दोन माणसांचा स्वयंपाक घरच्याबरोबर होऊन जातो, दहा माणसांची धांदल उडत नाही. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही घर उघडलं तेव्हा गाद्यांना वास नव्हता आणि मागचं दार खांदा न लावता उघडलं. यंदाही जुलै-ऑगस्टचा दर मार्चच्या निम्मा ठेवला आहे. त्यात ओल्या काजूगरांची उसळ मिळणार नाही, तो हंगाम तोवर उलटलेला असतो, हेही फोनवर सांगून टाकते.