काळा पट्टा सरकतो तेव्हा नेमके काय सरकते?

विषुववृत्तीय आयनांबरातला प्लाझ्मा बुडबुडा, म्हणजे विरळ प्लाझ्माची पोकळी, जमिनीवरून दिसतो तो काळ्या पट्ट्याच्या रूपात. सुमारे २५० किमी उंचीवरच्या हवेला रात्री स्वतःची मंद तांबडी दीप्ती असते. डोळ्यांना ती जाणवत नाही, पण ६३० नॅनोमीटरचा फिल्टर लावलेला, अख्खे आकाश टिपणारा कॅमेरा ती पकडतो. कोल्हापुरातल्या अशा कॅमेऱ्याने निरभ्र, अंधाऱ्या रात्री घेतलेल्या चित्रांत उत्तर-दक्षिण पसरलेले काळे पट्टे सेकंदाला सुमारे १०० मीटर वेगाने पूर्वेकडे सरकताना दिसतात.

काळे काही सरकते, म्हणजे ते द्रव्यच असले पाहिजे, असे भारतीय दर्शनांतल्या अंधारावरच्या जुन्या वादात भाट्ट मीमांसक म्हणत. रंग आणि गती द्रव्याशिवाय कुठे राहणार? न्यायदर्शनाच्या नैयायिकांच्या मते मात्र अंधार हा निव्वळ तेजाचा अभाव. दिवा हलला की सावली हलल्याचा भास होतो, इतकेच.

बुडबुड्याची घडण पाहिली की दोघांचीही अडचण होते. सूर्यास्तानंतर खालच्या थरातले आयन आणि इलेक्ट्रॉन झपाट्याने एकमेकांत विरतात, तर वरचा दाट थर संध्याकाळच्या विद्युत क्षेत्रामुळे आणखी उचलला जातो. तेलावर पाणी ओतावे तशी ही मांडणी अस्थिर. तळाचा विरळ प्लाझ्मा वर मुसंडी मारतो आणि चुंबकीय विषुववृत्तावर कधी १००० किमीच्याही वर पोचतो. चुंबकीय बलरेषांवरून तो कोल्हापूरच्या अक्षांशापर्यंत ताणला जातो. आत इलेक्ट्रॉन कमी, म्हणून तांबडा प्रकाशही कमी. काळेपणा हा अभावच, इथे नैयायिक बरोबर. पण गती भासमान नाही. विरळ का होईना, आतला प्लाझ्मा खरोखर वाहतो आहे; दिव्याचा दाखला इथे लंगडा पडतो.

अभाव कळतो कसा, यावर भाट्टांचे उत्तर अधिक उपयोगी आहे. वस्तू असती तर दिसलीच असती, अशा स्थितीत ती न दिसणे हेच प्रमाण. पावसाळ्यात ढगांखाली बसलेल्या कॅमेऱ्याला पट्टा दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. रडारची गोष्ट याहून सूक्ष्म. पेरूमधल्या हिकामार्का येथील रडारने वर झेपावणारे बुडबुडे दाखवले. वुडमन आणि ला होस यांनी ते १९७६ मध्ये मांडले. हे रडार ५० मेगाहर्ट्झवर चालते आणि त्याचा प्रतिध्वनी पोकळीतून येत नाही, तिच्यातल्या सुमारे तीन मीटर आकाराच्या खळबळीतून येतो. मध्यरात्रीनंतर ही बारीक खळबळ विरते, पोकळी मात्र उरते. तेव्हा रडार गप्प असते आणि कॅमेऱ्यात पट्टा सरकतच असतो. रडारचे हे मौन बुडबुडा नसल्याचे प्रमाण ठरत नाही, कारण नुसती पोकळी पाहण्याची योग्यता त्याच्यात नाही.