तिथी, भरती आणि आप्तवाक्य

वसई तालुक्यातील जूचंद्र या गावात एकीकडे चंडिकादेवीचा डोंगर आणि दुसरीकडे खाडीच्या अंगाने पसरलेली खाजणे व मिठागरे असल्यामुळे तेथे तिथीला दोन वेगवेगळी कामे करावी लागतात. देवीचे नवरात्र कधी बसवायचे हे आश्विन शुद्ध प्रतिपदा ठरवते, आणि मिठागरात खाडीचे पाणी कधी घेता येईल हेही तिथीच सांगते, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी उधाणाची भरती उंच चढते, तर अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती बेताचीच राहते. विज्ञानाच्या ज्ञानाचे मोल काय आणि ज्यांच्या नावाने ते ज्ञान ओळखले जाते त्या शास्त्रज्ञांचे प्रामाण्य कितपत मानावे, हा प्रश्न या दुहेरी वापरामुळे पुस्तकाबाहेर येतो.

मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे: पक्षातील तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला वा पौर्णिमेला सव्वाअकरा. वास्तविक तीस तिथींमध्ये भरतीची वेळ घड्याळात चोवीस तासांचा फेरा पूर्ण करीत असल्याने ती दर तिथीस सरासरी 48 मिनिटांनी पुढे सरकते, पाऊणपटीने मात्र 45 मिनिटे धरली जातात. पंधराव्या तिथीपर्यंत हा फरक पाऊण तासावर जातो. परंतु प्रतिपदेला हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असल्याने चूक पुढच्या पक्षात वाहत नाही आणि ठोकताळा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. हे अनुभवजन्य ज्ञान आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. आधुनिक विज्ञानाचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या गॅलिलिओने 1632 च्या आपल्या ग्रंथात भरती-ओहोटीचे कारण पृथ्वीच्या गतीत शोधले आणि चंद्राचा पाण्यावर प्रभाव मानणाऱ्या केप्लरला दोष दिला. त्याच्या उपपत्तीप्रमाणे दिवसातून एकच भरती यायला हवी होती, आणि दोन येतात हे तर खाडीकाठचे लहान मूलही सांगू शकले असते.

मग कारणाचे ज्ञान अधिक काय देते? 1687 मध्ये न्यूटनने चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणातून भरतीची उपपत्ती मांडली. दोघे एका रेषेत आले की उधाण आणि काटकोनात आले की भांग, हे त्यातून कळले. पुढे लाप्लासने समुद्राच्या पाण्याच्या गतीचे गणित मांडले, आणि केल्विनने भरतीचे अनेक आवर्ती घटक वेगळे करून ते पुन्हा एकत्र जुळवणारे यंत्र 1872-73 च्या सुमारास तयार करवले. हिंदुस्थानातील बंदरांसाठीही तसे यंत्र 1879 मध्ये इंग्लंडात बांधले गेले. या सगळ्या खटाटोपाने पाऊणपटीचा नियम खोटा ठरला नाही, पण त्याची हद्द समजली. किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली बदलली की चंद्र डोक्यावर येणे आणि पाणी चढणे यांतील अंतर बदलते, म्हणून मुंबईचा ठोकताळा हुगळीच्या मुखाशी चालत नाही, आणि खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते. अनुभव जेथे साठलेला असतो तेथेच खरा असतो, तर कारण कळले की तो कोठे लागू होणार नाही हेही सांगता येते. विज्ञानाच्या ज्ञानाचे एक मोल हे आहे. उपयुक्ततेच्या नेहमीच्या हिशेबात ते फारसे धरले जात नाही.

दुसरे मोल प्रामाण्याच्या प्रश्नाशी निगडित आहे, आणि त्यासाठी पंचांगाच्या वादाकडे वळावे लागते. न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे, म्हणजे यथार्थ ज्ञानाची साधने, मानते. त्यांपैकी शब्द म्हणजे आप्ताचे वचन. आणि आप्त म्हणजे ज्याने विषय स्वतः जाणला आहे व जो तो जसाच्या तसा सांगू इच्छितो असा मनुष्य. भाष्यकार वात्स्यायन पुढे असेही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय ज्योतिषगणिताच्या आधारे ग्रहगणिताची मराठी कोष्टके 1860 मध्ये प्रसिद्ध केली आणि नंतर त्यांवरून सूक्ष्म गणिताचे पंचांग काढले, तेव्हा त्यांच्या विरोधकांना वात्स्यायनाच्या या वाक्याची आठवण झाली असती तर बरे झाले असते.

वादाचा मुद्दा दृक्प्रत्ययाचा, म्हणजे गणित आणि डोळ्यांना दिसणारे आकाश यांच्या मेळाचा होता. परंपरेत ‘बाणवृद्धी रसक्षय’ असा नियम होता: तिथी साठ घटिकांहून जास्तीत जास्त पाच घटिका वाढेल आणि सहा घटिका घटेल (बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा, आणि घटिका म्हणजे 24 मिनिटे). चंद्राची प्रत्यक्ष गती मात्र यापेक्षा चंचल असून तिथी कधी वीस तासांच्या आसपास, तर कधी पावणेसत्तावीस तासांपर्यंत जाते. यावर सनातन पक्षाचे उत्तर हुशारीचे होते. व्रताचे फळ अदृष्ट, म्हणजे इंद्रियांना न दिसणारे, असल्याने व्रताची तिथीही शास्त्रवचनानेच ठरावी, दुर्बिणीने नव्हे, असे ते म्हणत. धर्म केवळ शब्दप्रमाणानेच कळतो या मीमांसकांच्या सिद्धांताशी ते सुसंगतही होते. परंतु हीच पंचांगे ग्रहणाची वेळ देत, आणि ग्रहण सर्वांना दिसते. शिवाय जूचंद्रसारख्या गावी डोंगरावरची तिथी अदृष्ट आणि खाडीतली तिथी दृष्ट अशी वाटणी करता येत नाही. चंद्र एकच आहे. नवरात्राची श्रद्धा देवीच्या ठायी असते, घटिकांच्या कोष्टकात नसते, म्हणून कोष्टक सुधारल्याने श्रद्धेचे काही उणे होते असे मानण्यास आधार दिसत नाही.

खरे तर ज्या ग्रहलाघवावर जुनी पंचांगे बेतली होती, तो ग्रंथ लिहिणाऱ्या कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके 1442, म्हणजे इ. स. 1520, च्या सुमारास आधीच्या ग्रंथांतील ग्रहस्थिती आकाशाशी जुळत नाही म्हणूनच नवी रचना केली होती, आणि त्याचे वडील केशव हे स्वतः वेध घेणारे होते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात ही परंपरा साक्षेपाने उलगडून दाखवली. गणेशाने पूर्वसूरींना दुरुस्त केले, आणि तीन-साडेतीन शतकांनी त्याच्याच नावाने दुरुस्ती नाकारली गेली. ज्याने तपासायला शिकवले त्याचे वचन तपासापलीकडे नेऊन ठेवणे ही अनुयायांची जुनी खोड आहे, आणि शास्त्रज्ञांचे अनुयायीही तिच्यातून सुटलेले नाहीत. गॅलिलिओचे चित्र भिंतीवर लावणाऱ्या किती शाळांत त्याची भरतीची चूक शिकवली जाते?

या दृष्टीने मराठी समाजातील सर्वाधिक आदरणीय वैज्ञानिक जयंत नारळीकर (1938–2025) यांचे उदाहरण बोलके आहे. फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी गुरुत्वाकर्षणाची नवी उपपत्ती मांडली आणि विश्वाला आरंभ नाही असे मानणाऱ्या स्थिर-स्थिती सिद्धांताचा पुरस्कार केला. 1965 मध्ये अवकाशात सर्वत्र भरलेल्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचा शोध जाहीर झाल्यावर बहुसंख्य शास्त्रज्ञ विश्वाला आरंभ आहे असे मानणाऱ्या महास्फोट सिद्धांताच्या बाजूला गेले. नारळीकरांनी 1993 मध्ये हॉइल व बर्बिज यांच्याबरोबर सुधारित रूपात आपली भूमिका पुन्हा मांडली, तरीही ती बहुमताने स्वीकारली नाही. त्यांचा मान यामुळे घटला नाही आणि त्यांच्या मानामुळे सिद्धांताला सूटही मिळाली नाही. 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ज्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेचे ते संस्थापक संचालक होते, तेथेच थानू पद्मनाभन यांच्यासारखे सहकारी महास्फोटाच्या चौकटीत विश्वरचनेचे संशोधन करीत राहिले, आणि संचालकांचे मत वेगळे असल्याने ते थांबावे असे कोणाला वाटले नाही.