केक नक्की कुणाचा?

एक वर्षाच्या बाळाला साखर देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: दोन वर्षांपर्यंत गोड पेयं नकोत, साखर घातलेले पदार्थ नकोत. आणि माझ्या ताईकडे येणाऱ्या ऑर्डरींमध्ये सगळ्यात उंच, सगळ्यात महाग केक असतात ते पहिल्या वाढदिवसाचे. म्हणजे ज्याच्या नावाने केक कापायचा, त्याने तो खायचा नाही. चाटला तरी पुढे ते त्याला आठवणार नाही. मग हा केक नक्की कुणाचा?

ताई पुण्यात घरूनच कस्टम केक करते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सोमवार ते शुक्रवार कोड लिहितो आणि शनिवारी तिचा डिलिव्हरी बॉय होतो. कॅबमध्ये मांडीवर दोन किलोंचा डायनोसॉर घेऊन बसलं, की मोबाइलला हात लावता येत नाही. विचारच करावा लागतो.

या कामाची एक आतली गोष्ट आधी सांगतो. तीनमजली केक दिसला, की तो तिन्ही मजले केकच असेल असं नाही. पाहुणे तीस आणि हवी उंची शंभर माणसांच्या केकची, असं असेल तर खालचा मजला थर्माकोलचा असतो. त्यावर फॉन्डंट चढवला की ओळखू येत नाही. फॉन्डंट म्हणजे साखर आणि ग्लुकोज सिरप यांचा मळलेला गोळा. पोळीसारखा लाटायचा आणि केकवर अंथरायचा. त्यातच सीएमसी पावडर मळून सिंह, हत्ती, जिराफ करतात. ते वाळले की इतके कडक होतात की खाणं सोडाच, दात लावायची हिंमत होत नाही. पावसाळ्यात केक फ्रिजमधून बाहेर काढला की सिंहाला घाम फुटतो. एवढं सगळं फोटोपुरतं.

इथे ‘हा सगळा पाश्चात्त्य दिखावा, आपलं औक्षणच बरं’ असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. आपल्याकडचं बोरन्हाण घ्या. संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान लहानग्याला काळे कपडे घालायचे, हलव्याचे दागिने चढवायचे आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतायचे. मूल पुष्कळदा भोकाड पसरतं. त्यालाही यातलं काही आठवत नाही. हलव्याचे दागिनेही साखरेचेच, निगुतीने केलेले, आणि त्यांचेही फोटो निघतातच. तेव्हा प्रश्न परंपरेचा नाही, साखरेचा नाही आणि आठवणीचाही नाही. आठवणीत राहणार नाही म्हणून आपण बाळाला अंगाई म्हणायची थांबवत नाही.

कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली एक कसोटी मांडली. माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नका; तो स्वतःच साध्य आहे, हे धरून वागा. यातला ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिल्या वाढदिवशी आईबाबा स्वतःचा आनंद साजरा करत असतील, तर त्यात वाईट काय? वर्षभराची जागरणं, लसी, ताप, दूध ओकणं यांतून तेही तरले आहेत. केक त्यांचा आहे, असं त्यांनी खुशाल म्हणावं. बाळाला झोप आलेली असताना पाहुण्यांसाठी दीड तास ताटकळत ठेवलं, की मात्र ‘केवळ’ची रेषा ओलांडली जाते. तिथे बाळ उत्सवमूर्ती राहत नाही, सजावटीचा भाग होतं.

चौथ्या वर्षी हा प्रश्न जास्त अवघड होतो, कारण तोवर मूल बोलायला लागलेलं असतं.

एका ऑर्डरीच्या वेळी आईबाबा मुलालाही घेऊन आले होते. थीम ठरली होती: जंगल. त्याच रंगाचे फुगे, तसलेच शर्ट, सगळं बुक झालेलं. ताईने सहज मुलाला विचारलं, “तुला रे कसला केक हवा?” तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, “घंटागाडी.” रोज सकाळी ती गाणं वाजवत येते, मागचं झाकण वर जातं, गाडीवरचे काका त्याला टाटा करतात. त्याच्या जगात त्याहून भारी वाहन नव्हतं. बाबा हसले. आई म्हणाली, “अहो, कचऱ्याची गाडी टेबलावर कशी ठेवायची?” जंगलच झालं. मीच पोचवलं.

नंतर आमचं यावर बरंच वाजलं. माझं म्हणणं असं, की आमच्या धंद्यात क्लायंट वेगळा आणि युजर वेगळा असतो. पैसे कंपनी देते, पण स्क्रीनसमोर बसून वैतागतो तो तिसराच कुणीतरी. त्याला न विचारता केलेलं सॉफ्टवेअर कितीही देखणं असलं, तरी त्याच्या कामाचं नसतं. ताई शांतपणे म्हणाली, “तुझा युजर वैतागला तर तक्रार करतो. माझा चार वर्षांचा आहे, तो जंगल बघूनही टाळ्या वाजवतो. आणि मी त्याची आई नाही. ओव्हनचा हप्ता मला भरायचा असतो.”

तिचं खरं आहे. त्या घरात काय साजरं व्हावं हे ठरवण्याचा अधिकार केकवाल्या बाईला नाही. मूल टाळ्या वाजवेल, हेही खरं. पण माझी अडचण त्या टाळ्यांपाशीच आहे. मुलं आपल्या आनंदात फार चटकन सामील होतात, म्हणून त्यांचा आनंद कोणता हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. त्या मुलाला घंटागाडीत घाण दिसली नव्हती. गाणं दिसलं होतं, हात हलवणारा माणूस दिसला होता. ‘ते टेबलावर शोभत नाही’ हे तो त्या दिवशी शिकला. जंगल मिळाल्याचं त्याला दुःख झालं नसेल. पण आपल्याला जे आवडतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं, हा धडा वाढदिवसाच्या भेटीसोबत फुकट मिळाला.

सगळे हट्ट पुरवावेत असं मी म्हणत नाही. मागितलेलं देणं आणि मागणं ऐकणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. घंटागाडी नको असेल तर ‘नाही’ म्हणा, पण त्याला कारण सांगा; आणि सांगताना ते कारण आपल्यालाच ऐकायला कसं वाटतं, तेही बघा.

ताईने वाद पुढे वाढवला नाही. तिने ऑर्डर फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली. ‘थीम’च्या खाली आता लिहिलेलं असतं: ‘मुलाला विचारलं तर तो काय म्हणतो?’ आतापर्यंत तिथे मिक्सर आलाय, आजोबांचा चष्मा आलाय, एकदा नुसतं ‘खड्डा’ आलंय. खड्ड्याचा केक तिने खरंच केला, चॉकलेटचा चिखल भरून.

बाकी बहुतेक फॉर्मवर ती ओळ रिकामीच येते.