कूस बदलणारे हात

रुग्णालयातल्या परिचारिकेला रुग्ण चार-आठ दिवस भेटतो. वृद्धाश्रमातल्या सिस्टरला मात्र तेच आजी-आजोबा वर्षानुवर्षे. कुणाला बिनसाखरेचा चहा, कुणाला डाव्या कानानेच ऐकू येतं, सगळं तिला पाठ. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची कूस दर दोन तासांनी बदलायची, टाचा, माकडहाड तपासायचं. शय्याव्रण होऊ द्यायचं नाही. पाठीची कातडी शाबूत राहिली, हेच तिचं यश. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी लेकीचंही नाव विसरतात, पण सिस्टरच्या हातून घास घेतात. मला वाटतं, इतका विश्वास फार थोड्या व्यवसायांत मिळतो. १२ मे हा परिचारिका दिन. त्याची वाट पाहू नका. तुमच्या माणसाला सांभाळणाऱ्या सिस्टरना आजच फोन करा आणि त्या जेवल्या का, एवढं जरूर विचारा.